दोन मास्तर

गुन्हेगारीवरच्या गाजलेल्या दूरदर्शन मालिकांत पहिला नंबर कुणाचा, हा वाद आमच्या वसतिगृहात रात्र रात्र चालतो. अमेरिकेतली तीन नावे हटकून पुढे येतात : ‘द सोप्रानोज’ (१९९९–२००७), ‘द वायर’ (२००२–२००८) आणि ‘ब्रेकिंग बॅड’ (२००८–२०१३). माझा खोलीसोबती याच अंकाच्या कन्नड विभागात लिहितो. त्याचे मत ‘ब्रेकिंग बॅड’ला.

‘सोप्रानोज’ला मी तिसरा ठेवतो. माफियाचा म्होरक्या मानसोपचारतज्ज्ञापुढे बसून आईविषयी बोलतो, ही कल्पना अफलातून खरी. पण त्याच्या घरात ८६ भाग मुक्काम करणे मला जड गेले. जाणकारांनी रागावू नये.

खरी झुंज उरलेल्या दोघींत. दोन्हींत एकेक मास्तर आहे, आणि पुढच्या वर्षी बी.एड.ला जायचा माझा विचार असल्याने मास्तरांच्या गोष्टी मी जरा कान देऊन ऐकतो.

‘ब्रेकिंग बॅड’चा वॉल्टर व्हाइट अल्बुकर्कीच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवतो आणि पगार पुरत नाही म्हणून मोटारी धुण्याच्या ठिकाणीही राबतो. कर्करोगाचे निदान होते, आणि जेसी या जुन्या, नापास विद्यार्थ्याला हाताशी धरून तो अमली पदार्थ बनवू लागतो. ६२ भागांत पकड कुठे म्हणून सैल होत नाही. ब्रायन क्रॅन्स्टनला या भूमिकेसाठी चार वेळा एमी पुरस्कार मिळाला, तो उगाच नव्हे. पण बघता बघता सारे जग त्या एका माणसाच्या अहंकाराएवढे होते. जेसी तर त्याच्या हातातले अवजारच बनतो.

‘द वायर’ला एमी एकदाही मिळाला नाही. तिचे कर्ते डेव्हिड सायमन बाल्टिमोरचे माजी वार्ताहर. त्यांचे सहकारी एड बर्न्स आधी पोलीस, नंतर शिक्षक. म्हणूनच असेल, चौथ्या पर्वातली शाळा इतकी ओळखीची वाटते. प्रेझ हा पोलीस खात्यातून बाहेर पडलेला माणूस तिथे गणित शिकवू लागतो. वर्ग ऐकत नाही, तेव्हा तो मुलांच्या आवडीचे फासे पुढे करून संभाव्यता शिकवतो. मुले रमतात. तेवढ्यात वरून फर्मान येते : परीक्षेत येणारे प्रश्नच घोटून घ्या. प्रेझला हा खेळ ठाऊक असतो. खात्यात गुन्ह्यांचे आकडे असेच खाली आणले जात. इथे गुणांचे वर न्यायचे. पोलीस, गोदी, नगरपालिका, शाळा, वृत्तपत्र ही पाच पर्वे या एका धाग्याने बांधली आहेत. गुन्हेगार कोण, या प्रश्नाला बोट दाखवायला एक माणूस सापडत नाही. माझ्या लेखी हिचा पहिला नंबर त्यासाठी. (गुंडाळलेले कोडे झटपट सुटावे असे वाटणाऱ्यांनी मात्र हिच्या वाटेला जाऊ नये, पहिले चार-पाच भाग कोण कुणाचा हेच उमगत नाही.)

प्रेझच्या वर्गात ड्यूकी नावाचा हुशार पोरगा आहे. घरात सगळे व्यसनी, अंगावर मळके कपडे. प्रेझ त्याच्या स्वच्छ कपड्यांची सोय शाळेतच करतो, कुठे वाच्यता नाही. शेवटच्या भागात शाळा सुटलेला ड्यूकी त्याच्याकडे येतो आणि पुन्हा शिकायचे आहे म्हणून पैसे मागतो. प्रेझला संशय येतो. तरी तो पैसे देतो, त्याला गाडीतून सोडतो आणि पोरगा कुठल्या दिशेने जातो ते बघत राहतो.