दाभाड्यांच्या गावातून पेशव्यांच्या तळ्यात

पुण्याची सारसबाग बघायला इंदुरीच्या माणसाने जाऊ नये असं काही नाही. पण मी गेलो तो थोडा अढी ठेवूनच. आमच्या गावात सरसेनापती खंडेराव दाभाड्यांची गढी आहे, खाली दगडी आणि वर विटांची, आत कडजाईचं देऊळ, पायथ्याशी इंद्रायणी. त्याच खंडेरावांच्या मुलाला, त्रिंबकरावांना, १७३१ मध्ये डभोईच्या लढाईत बाजीराव पेशव्यांच्या फौजेने मारलं. आमच्याकडे ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकाआधी घरात ऐकायला मिळते.

सोबत आलेल्या आत्याला मात्र असलं काही नव्हतं. तिला स्वेटर घातलेला गणपती बघायचा होता. तळेगावहून लोकल, शिवाजीनगरहून मेट्रो आणि स्वारगेटला उतरून चालत. हिवाळ्याची सकाळ. मोठ्या हिरवळीवर पोरं लोळत होती. मधल्या उंचवट्यावर देऊळ, भोवती कमळांचं पाणी. आत पांढरी, छोटीशी मूर्ती, अंगात लोकरी स्वेटर, डोक्यावर टोपी. आत्याने हात जोडले आणि बाहेर येऊन म्हणाली, "आपल्या कडजाईला कुणी शाल तरी पांघरतं का रं?"

या गणपतीला जुने लोक अजून 'तळ्यातला गणपती' म्हणतात. आज कमळांच्या पाण्यापलीकडे गवत आहे, पण ही सगळी जागा तळ्याची. नानासाहेब पेशव्यांनी आंबील ओढ्याचं पाणी अडवून पर्वतीच्या पायथ्याशी सुमारे २५ एकरांचं तळं केलं आणि मधे एक बेट ठेवलं. त्या बेटावरच्या बागेचं नाव सारसबाग. देऊळ नंतरचं, १७८४ मधलं, सवाई माधवरावांच्या काळातलं. पेशवे नावेत बसून इथे खलबतं करत आणि मराठी न समजणारे हबशी नावाडी वल्ही मारत, असं सांगतात. गुप्तता राखायची ही तऱ्हा मला फार आवडली. त्या नावेत दाभाड्यांचं नाव कितीदा निघालं असेल, कोण जाणे.

निघालं असणारच. तळ्याचं काम झालं ते १७५०च्या आसपास. त्याच सुमारास त्रिंबकरावांच्या आई उमाबाई दाभाडे महाराणी ताराबाईंच्या बाजूने पेशव्यांविरुद्ध उभ्या राहिल्या होत्या. १७५१ मध्ये नानासाहेबांनी दाभाड्यांना कैद केलं, घरच्या माणसांना लोहगडावर ठेवलं. उमाबाई १७५३ मध्ये पुण्यातच वारल्या. हिरवळीवर बसून हे आत्याला सांगितलं, तर ती भेळेच्या कागदातला शेवटचा चुरमुरा टिपत म्हणाली, "मग आता तळंबी नाय आन् पेशवंबी नाय. भांडतूस कुणाशी?"

तळं आटवून, बुजवून विसाव्या शतकात इथे बागा झाल्या. शेजारचं पेशवे पार्क १९५३ चं. आत्याच्या डोक्यात पुण्याची बाग म्हणजे तेच. शाळेच्या सहलीत पाहिलेली तिथली वाघ-माकडं ती अजून सांगते. प्राणी १९९९च्या सुमारास कात्रजला गेले, पार्काचं ऊर्जा उद्यान झालं. १९५६ पासूनची फुलराणी, ही छोटी आगगाडी, मात्र तिथेच आहे. इवल्या डब्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या आजोबांना नातवंडांपेक्षा जास्त मजा येत होती, हे मी पाहिलं.

सारसबागेत मला आवडली ती गर्दी. संध्याकाळी तर बाहेरच्या चौपाटीवर पावभाजीचा वास, आत भाकरीचं गाठोडं सोडून बसलेली कुटुंबं, कॉलेजची जोडपी, दमलेले हमाल. तिकीट काढून शांतपणे बघायच्या बागा मला नीरस वाटतात. दिवाळीच्या पाडव्याला पहाटे इथे नटून आलेल्या लोकांची रीघ लागते, म्हणे. मला मात्र तेवढ्या पहाटे पुणं गाठणं जमायचं नाही.

परतताना लोकलमध्ये गढीचा विषय निघाला. गावात अधूनमधून कुणीतरी म्हणतं, तिथेही असंच गार्डन करा. मी आत्याला म्हटलं, नको, तटावरची झुडपं काढा, ढासळणाऱ्या विटा सावरा, बस्स. लॉन लावलं, कारंजं बसवलं, तर गढी दिसणारच नाही.

"ते खरं," आत्या म्हणाली, "पण बसायला दोन बाकडी टाकायला काय हरकत हाय?"