माठ, समुद्र आणि माझी घाईची उत्तरं

पुणे,
१२ मे

ती. आत्यास,


परवा फोनवर तू विचारलंस, सोलापूरचा माठ रत्नागिरीला आल्यावर रुसला का, आणि मी "बाष्पीभवन कमी होतं" म्हणून मोकळा झालो. तू म्हणालीस, "ते नाव झालं रे. कारण सांग." तेवढ्यात तुझ्या कुकरची शिट्टी झाली, तू फोन ठेवलास आणि मी सुटलो. तीस वर्षं अकरावी-बारावीला हेच शिकवतोय. पोरं 'बाष्पीभवन' एवढंच लिहितात, मी दोन मार्क देतो, दोन्ही पक्ष खूश. तुला मार्क नकोत, गार पाणी हवंय. म्हणून हे पत्र.

आधी माठ घडवणाऱ्या कुंभाराला दोषातून मोकळं कर. मातीत खोट असती, तर सोलापुरातही पाणी कोमटच राहिलं असतं. दादाच्या गाडीत मांडीवर धरून आणलेला माठ तोच आहे, बदलली ती हवा.

माठाच्या अंगातून पाणी पाझरतं आणि बाहेर ओल धरते. त्या ओलीतले पाण्याचे कण काही मंद असतात, काही चपळ. हवेत सुटतात ते बहुतेक चपळ. मागे मंद राहतात, आणि कण मंद झाले म्हणजेच पाणी गार झालं. गारवा म्हणून वेगळं काही बाहेरून येत नाही. वर्गातली हुशार पोरं उचलून दुसऱ्या तुकडीत नेली की उरलेल्या वर्गाची सरासरी घसरते, त्यातलाच प्रकार. स्टीलच्या कळशीला अंगात छिद्रं नाहीत, म्हणून तिला हे जमत नाही.

त्यासाठी पाणी किती उडावं लागतं? दहा लिटरचा माठ दहा अंशांनी उतरवायला हिशेबाने पावणेदोनशे मिलिलिटर पुरे, म्हणजे जेमतेम एक फुलपात्र. प्रत्यक्षात बाहेरची उष्णता सारखी आत शिरत असते, म्हणून उडतं त्याहून बरंच जास्त. सकाळी काठोकाठ भरलेला माठ संध्याकाळी खाली गेलेला असायचा आणि "पाणी पिऊन माठ भरत नाहीत मेले" म्हणून तू आम्हा पोरांना झापायचीस, आठवतं? त्यातलं निदान थोडं पाणी सोलापूरच्या उन्हाने प्यायलं होतं. पन्नास वर्षांनी का होईना, हे तुझ्या कानावर घालतो.

आता रत्नागिरी. तिथली हवा आधीच वाफेने भरलेली. माठावरून कण सुटतात तसे हवेतले कण परत येऊन त्याच ओलीवर बसतात. जाणारे आणि येणारे जवळजवळ बरोबरीचे झाले, की गार होणं थांबलं. कपडे वाळत नाहीत, पापड मऊ पडतात, घाम निथळतो पण अंग निवत नाही, आणि माठ गार होत नाही. तू चार तक्रारी सांगितल्यास, पण ती एकच आहे.

आकडे घालून बघू. मे महिन्यातली सोलापूरची दुपार धर, ४२ अंश आणि हवेत दमटपणा २० टक्के. अशा हवेत सावलीतलं ओलं फडकं, आणि तुझा माठसुद्धा, फार तर २४ अंशांपर्यंत उतरू शकतो. रत्नागिरीत दुपारी ३३ अंश आणि दमटपणा ७० टक्के असला, तर तो तळ येतो २८ अंशांवर. तिकडे अठरा अंशांची उतरण, इकडे पाचाची. जे गाव जास्त तापतं त्याच गावातलं पाणी जास्त गार! हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण तू विचारेपर्यंत मी आकडे मांडून कधी पाहिले नव्हते.

माठ ओट्याजवळून हलव. खिडकीत वारा लागेल असा, तिवईवर ठेव. वाऱ्याने २८ च्या खाली जाणार नाही, पण तिथवर लवकर पोचेल. आणि वहिनींना म्हणावं, बाहेरून साबण लावून घासू नका. छिद्रं बुजली की माठाची कळशी झाली.

फोनवरच्या तुझ्या दुसऱ्या प्रश्नाने जास्त पंचाईत केली होती. "समुद्र लांबून एवढा निळा, मग तांब्यात घेतला की रंग जातो कुठे?" मी म्हटलं, आकाशाचं प्रतिबिंब. त्यावर तू: "मग आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावावर काय दुसरं आकाश होतं?" मला उत्तर सुचलं नाही.

समाधान एवढंच, की माझ्या आधी लॉर्ड रॅली हेच म्हणून गेला होता, आणि तो १९०४ चा नोबेल मानकरी. १९२१ साली आपले शास्त्रज्ञ सी. व्ही. रामन विलायतेहून 'नारकुंडा' बोटीने परत येत होते. भूमध्य समुद्राची निळाई बघून त्यांना ते उत्तर पटेना. जवळ निकोल प्रिझम होतं. ते ठराविक कोनातून डोळ्याशी धरलं, की पाण्यावरची चकाकी मालवते. प्रतिबिंबच पुसलं, तर समुद्र फिका पडायला हवा. तो उलट अधिक निळा दिसला. बोट मुंबई बंदरात लागली तेव्हा 'नेचर'ला पाठवायचं टिपण तयार होतं. तुझा सिद्धेश्वर तलाव आणि त्यांचं प्रिझम, हरकत एकच.

खरं असं आहे, की पाणी स्वतःच किंचित निळं आहे. उजेडातला लाल रंग ते थोडा थोडा गिळतं. तांब्यातल्या वीतभर पाण्यात ते कळत नाही. दहा-पंधरा मीटर पाणी पार होईतो लाल जवळजवळ संपतो. शिवाय पाण्याचे कण उजेड विखुरतात आणि त्यात निळा जास्त विखुरतो. रामन यांचा भर या विखुरण्यावर होता, आणि त्याच वाटेने पुढे १९२८ चा त्यांचा मोठा शोध आला. तलावात गाळ आणि शेवाळ, तिथे निळ्याला संधीच नाही. पावसात भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी जाऊन बघ, समुद्रही मातकट झालेला असेल.

फोनवर शिट्टी ऐकू आली, म्हणून तुझ्या कुकरचंही थोडक्यात सांगतो. वाफ कोंडली की पाणी शंभराऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून डाळ लवकर शिजते. पण एकदा शिट्टीचं वजन उचललं गेलं, की आतला दाब तिथेच ठरला. मग गॅस मोठा ठेवून शिट्ट्या वाढतात, डाळ लवकर शिजत नाही. बारीक कर.

एक काम सांगतो. दादाला भिंतीवर टांगायचे दोन थर्मामीटर आणायला सांग. एक तसाच ठेव, दुसऱ्याच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळ आणि त्याला वारा घाल. आठवडाभर दुपारी दोन वाजता दोन्ही आकडे कॅलेंडरवर लिही, शेजारी माठातल्या पाण्याचाही. मी इथे पुण्यात तेच करतो. तुझा माठ ओल्या फडक्याच्या आकड्याच्या दोन-तीन अंशांइतका जवळ आला नाही, तर मात्र कुंभाराला बोल लावू.

दादा-वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळू