स्थळप्रत

कारकुनाच्या आयुष्यात नकलेला मोठा मान असतो. मूळ कागद वर गेला की मागे उरते ती स्थळप्रत. आणि पुढेमागे कोणी दाद मागायला आलाच, तर साक्ष द्यायला उभी राहते तीही स्थळप्रतच. या संस्कारात मुरलेल्या मला लिनक्सच्या संगणकावर मजकुराची नक्कल कशी होते हे कळले, तेव्हा मोठी गंमत वाटली. तेथे ‘कॉपी’ म्हटल्याबरोबर नक्कल होतेच असे नाही!

या संगणकांवरील खिडक्यांचा कारभार पुष्कळ वर्षे ‘एक्स’ नावाच्या व्यवस्थेकडे राहिला. ती १९८४ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये जन्मली. तिची अकरावी आवृत्ती १९८७ ची. एखादी ओळ आपण ‘कॉपी’ करतो, तेव्हा ती जागची हलत नाही. तो प्रोग्रॅम केवळ दवंडी पिटतो, की मजकूर माझ्यापाशी आहे, हवा त्याने मागून न्यावा. दुसरीकडे आपण ‘पेस्ट’ करू लागलो, म्हणजे तेथून मागणी येते, आणि मग कोठे अक्षरे निघतात. प्रोग्रॅम एका यंत्रावर चालावा आणि खिडकी दुसऱ्यावर दिसावी, अशी एक्सची मांडणी. तेव्हा न मागितलेले ओझे तारेवरून वाहण्याचे प्रयोजन काय?

याचे दोन परिणाम होतात. मागणी येण्यापूर्वीच मूळ प्रोग्रॅम बंद झाला, तर मजकूर त्याच्याबरोबर जातो. म्हणून अनेक ठिकाणी ‘क्लिपबोर्ड मॅनेजर’ नेमलेला असतो. दवंडी ऐकताच तो मजकूर मागून स्वतःपाशी ठेवतो. हा आमच्याच जातकुळीचा! दुसरे असे, की मागणाराच रूप ठरवतो. युनिकोडच्या रूपात मागितले तर मराठी धडपणे पोहोचते. जुन्या लॅटिन रूपात मागितले, तर आपल्या ‘ळ’ला तेथे जागाच नसते.

बदलीच्या गावी राहणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. माझ्या आजोबांना मोडी सफाईने वाचता येई. घरात कोणाला तिचे काम पडले नाही. आजोबा गेले, आणि पेटीतले कागद मुके झाले. भाषेचेही तसेच. मुलगी शाळेतून येते ती हिंदीत विचारत, आणि ज्या रूपात मागणी त्या रूपात उत्तर, या न्यायाने मीही हिंदीतच उत्तरतो.

परवा मात्र जेवताना तिने विचारले, “बाबा, आजी फोनवर सारखं ‘उगीच’ म्हणते. उगीच म्हणजे काय?” ‘यूँ ही’ हे शब्द ओठांवर आले होते, पण त्यांत आजीचे ‘उगीच’ सगळे मावेना. उगीच हसणे, उगीच रुसणे, उगीच कुणाची आठवण येणे, असे एकेक दाखले देत बसलो. आमटी निवून गेली. मग तिने भातावर दही मागितले, आणि मी कारण विचारताच म्हणाली, “उगीच.”