नवी आहे, बसेल

नवा जावई आणि नवी गाडी यांच्याविषयी तक्रार करण्याची आपल्याकडे पद्धत नाही. जुन्या गाडीचे बरे असते. ती खोकली, कण्हली, भर रस्त्यात बसली तरी कुणाला नवल वाटत नाही. उलट तिची दुखणी चारचौघांत सांगण्यात मालकाला एक प्रकारची ऐट वाटते. पण नवी गाडी थरथरते असे एकदा म्हणून तर पाहा! घरची माणसे तुमच्याकडे अशा काही नजरेने पाहतात की, गाडी राहिली बाजूला, तुम्हीच थरथरत असावेत.

आमची गाडी गेल्या वर्षी दसऱ्याला किहीमला आली. हार, नारळ, चाकांखाली लिंबे, सारे यथासांग झाले. पुढचे काही दिवस तिची धाव अलिबागच्या बाजारापलीकडे गेली नाही. त्या नागमोडी, नारळीपोफळींच्या रस्त्यावर कुणाचेच खरे गुण बाहेर पडत नाहीत. मग दिवाळीत आईला घेऊन पेणला आत्याकडे निघालो. कार्लेखिंड झाली, पोयनाड झाले. वडखळपुढे मोठा रस्ता लागला आणि काटा ऐंशीवर गेला. तेवढ्यात समोर म्हशी आल्या. मी ब्रेक दाबला मात्र, स्टिअरिंग हातात थडथडू लागले आणि पायाखालचे पेडल कुणी आतून ठोकावे तसे वरखाली होऊ लागले. गाडी थांबली. म्हशी सावकाश पलीकडे गेल्या. मागच्या सीटवरून आई एवढेच म्हणाली, “हळू रे.” पंचाहत्तरी उलटलेली आई मागे बसली असताना ब्रेकविषयी मनात शंका येणे ही काय चीज आहे, ते ज्याचे त्यालाच कळते.

घरी आल्यावर निदाने सुरू झाली. आईच्या मते दृष्ट लागली होती. तिने मीठमोहऱ्या उतरून टाकल्या. मेहुण्याने सारा दोष रस्त्याच्या माथी मारला. शेजाऱ्यांचे मत त्या मानाने शहाणपणाचे होते. किहीमला येणारे पाहुणे हौसेने गाड्या पुळणीवर नेतात. ओली वाळू रिमच्या आतल्या बाजूला एकीकडे थापली जाते, वाळते आणि चाकाचा तोल बिघडवते. ऐंशीच्या वेगाला मोटारीचे चाक सेकंदाला सुमारे अकरा फेरे घेते. एवढ्या गरगरण्यात रिमच्या एका बाजूला थोडे ग्रॅम जास्त झाले तरी हातांना कळते. पण आमच्या गाडीच्या चाकांना पुळण माहीतच नव्हती.

राहता राहिला विक्रेता. त्याच्याकडच्या टायवाल्या मुलाने गाडी गावातल्या गावात चाळीसच्या वेगाने फिरवून आणली आणि म्हणाला, “साहेब, नवी आहे, बसेल.” या ‘बसेल’ला उत्तर नसते. नवी चप्पल बसते, नवा चष्मा बसतो, तर ब्रेक का बसू नये? आणि गंमत अशी, की ते अगदीच खोटेही नव्हते. नवी डिस्क आणि नवे पॅड यांची ओळख व्हायला थोडे किलोमीटर जावे लागतातच. धडधडीत खोटे बोलणाऱ्याशी भांडता तरी येते. मी पुन्हा गेलो, तेव्हा त्यांनी चाके यंत्रावर चढवून तोल साधून दिला. तिसऱ्यांदा गेलो, तेव्हा पेडल धडधडते ते एबीएसमुळे असे ऐकवले. स्टिअरिंग आपले थरथरतच होते.

आमच्या आळीत एक काका राहतात. एसटीच्या वर्कशॉपात त्यांचा उभा जन्म गेला. त्यांना गाडी दाखवली, तर त्यांनी बॉनेट उघडलेसुद्धा नाही. ओट्यावर बसल्या बसल्या एकच प्रश्न विचारला, “कधी?”

“म्हणजे?”

“थरथरते कधी? ब्रेक न लावता की लावल्यावर? कोणत्या वेगाला? गार असताना की तापल्यावर? वही घे आणि लिही. आठ दिवसांनी ये.”

मला आमच्या किहीमच्याच एका जुन्या रहिवाशाची आठवण झाली. १९३० साली सालिम अली जर्मनीतून शिकून आले, तेव्हा मुंबईतली त्यांची नोकरी उरली नव्हती. ते पत्नीसह इथे येऊन राहिले आणि पावसाळ्यात सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीसमोर आडोसा करून तासन्‌तास नुसते पाहत बसले. कोण कधी येते, काय आणते, कधी जाते, एवढेच टिपायचे. त्यातून कळले ते असे की, खोपा विणतो नर. तो अर्धा झाला की मादी येऊन तपासते, पसंत पडला तरच आत राहायला जाते, आणि मग नर तो पुरा करून दुसऱ्या मादीसाठी दुसरा खोपा विणायला घेतो. (सारे विणकाम नराचे आणि नाव मात्र सुगरण, हा आपल्या भाषेचा विनोद!) त्या मादीची तपासणी वाचून मला जरा खजील व्हायला होते. आम्ही मंडळींनी गाडी घेताना रंगाखेरीज काही पाहिल्याचे आठवत नाही. पण गाडी घेताना पाहतात तरी काय?

वही मात्र मी इमानाने लिहिली. ब्रेक न लावता ऐंशी, नव्वद: स्टिअरिंग शांत. म्हणजे चाकांचा तोल निर्दोष. हलका ब्रेक लावला की थरथर, आणि वेग उतरेल तसतशी तीही संथ. एबीएस जागे होते ते चाक अडकून घसरू लागले तर; हलक्या ब्रेकला त्याचे काय काम? ब्रेक लावताना गाडी डावी-उजवीकडे ओढत नाही. फेरी मारून आल्यावर रिमजवळ हात धरला तर दोन्ही पुढची चाके सारखीच गरम. म्हणजे एकाही बाजूचा ब्रेक चिकटून राहिलेला नाही. शेवटची नोंद काकांनी शेजारी बसून करवली. पहाटे, सरळ आणि निर्मनुष्य रस्त्यावर, बटण दाबून धरून हँडब्रेक अगदी हळू ओढायचा. आमच्या गाडीत तो फक्त मागच्या चाकांना धरतो. गाडी मंदावली, पण हातात थरथर नाही. “मागचे सुटले,” काका म्हणाले. “पुढच्या डिस्का बघ.”

चाक काढल्यावर डाव्या डिस्कवर पॅडच्या आकाराचा एक काळपट डाग दिसला. गाडीच्या पाटीवर महिना मे होता. आमच्या घरी ती आली दसऱ्याला. मधला सबंध पावसाळा ती कुठे तरी उघड्यावर उभी असणार. पॅडखाली ओल धरून राहते, तिथला लोखंडाचा पृष्ठभाग गंजतो, आणि मग प्रत्येक फेऱ्यात पॅड त्या एका जागी निराळे धरतो. लोक म्हणतात डिस्क वाकली. पुष्कळदा ती वाकलेली नसते, तिची जाडी सगळीकडे सारखी उरलेली नसते. हा फरक मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही बारीक असला तरी स्टिअरिंगपर्यंत पोचतो.

वही घेऊन चौथ्यांदा गेलो. या खेपेला ‘थरथरते’ असे म्हटलेच नाही. डिस्कची जाडी मोजून आकडा लेखी द्या, एवढेच मागितले. मोजली, तर पुस्तकातल्या मर्यादेपलीकडे गेलेली. मग नवा मुद्दा निघाला: ब्रेक हा झिजणारा भाग, तो हमीत बसत नाही. (इथेही ‘बसणे’ आलेच.) गाडी अकराशे किलोमीटर चालली होती. अकराशे किलोमीटरांत झिजणारा ब्रेक तुम्ही विकता, असेही लेखी द्या, असे म्हटल्यावर आतल्या खोलीत बरीच कुजबुज झाली, आणि दोन्ही डिस्का व पॅड पैसे न घेता बदलून मिळाले. काकांनी हबचा गंज घासून घ्यायला लावला आणि नट समोरासमोरचे, मापाच्या पान्याने, एकसारखे आवळून घेतले.

आता सकाळी पहिल्या ब्रेकला जरा खरखर होते. तो खाऱ्या हवेचा रात्रभरात धरलेला गंज. दोनदा ब्रेक लावला की जातो. त्यासाठी कुणाकडे जायचे नाही, अशी काकांची ताकीद आहे. वही गाडीच्या कप्प्यातच असते. परवा सहज उघडली, तर शेवटच्या पानावर आईच्या अक्षरात एक नोंद: ‘सोमवार. मागचे डावे दार. कुई असा आवाज.’

काकांना दाखवली. त्यांनी चष्मा वर केला. “दार उघडताना की लावताना, ते विचार तिला.”