गंजाडचं देणं

वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना मी कधी भेटलो नाही. ते डहाणूकडच्या गंजाडचे, मी बुलढाणा जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी संग्रामपूर तालुक्यात चित्रकला शिकवणारा मास्तर. मध्ये अख्खा महाराष्ट्र आडवा. तरी माझा खडू फळ्यावर आज ज्या रीतीनं चालतो, ती रीत त्यांची.

ए.टी.डी. झालो तेव्हा मला छायाप्रकाश येत होता, स्थिरचित्रातला तांब्या येत होता. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवायला तेवढं पुरतं. मग एका मासिकात म्हसे यांचं जाळ्याचं चित्र पाहिलं. मासेमारीचं जाळं, जवळजवळ सगळी जागा व्यापून पसरलेलं, आणि त्यापुढं माणसं एवढीशी. रेघ सलग नाही, बारीक बारीक तुटकी, म्हणून ते जाळं पाण्यात असल्यासारखं हलतं. वर्गात दाखवलं तर मागच्या बाकावरून आलं, “सर, ह्या मानसायले डोये काऊन नाहीत?”

टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे धड. माणूस वाकला, नाचला, थकला, हे सगळं त्या दोन त्रिकोणांच्या कलावर. डोळ्यांचं काम कंबरच करते. तेव्हापासून मी मुलांना माणूस शिकवताना नाकडोळे शेवटी आणि तोल आधी शिकवतो. (चहाच्या ट्रेवर वारली पट्टी छापणाऱ्यांना हा तोल का दिसत नाही, देव जाणे.)

म्हसे यांचा जन्म 1934चा. लहानपणी आई गेली, पोरानं बोलणंच टाकलं, मातीत रेघा ओढून सांगू लागलं, असं त्यांच्याबद्दल सांगतात. ही हकिकत लोक फार गोड करतात. मला ती गोड वाटत नाही. खरी नवलाची गोष्ट पुढची. वारल्यांमध्ये लग्नाचा चौक काढायचा तो सवासिनींनी. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं, मध्ये पालघट देवी. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद घेऊन त्या पाड्यांवर पोचले, तेव्हा बायकांच्या या कामात म्हसे नावाचा हा पुरुष उतरला. घरात लग्न नसतानाही रोज काढू लागला. 1976 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, 2011 मध्ये पद्मश्री. मे 2018 मध्ये ते गेले.

त्याच सुमारास, 1971 मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात पापुन्या नावाच्या वस्तीवर जेफ्री बार्डन हा शाळामास्तर आला होता. तिथल्या आदिवासी जाणत्यांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंग्यांची पूर्वजकथा रंगवली. भुईवर आणि अंगावर काढायच्या खुणा मग फळ्यांवर, कॅनव्हासवर आल्या. ती भिंत मात्र पुढं रंग फासून झाकली गेली. 1989 मध्ये पॅरिसच्या एका मोठ्या प्रदर्शनात म्हसे होते आणि त्याच वाळवंटातल्या वारलपिरी जमातीच्या चित्रकारांनी घातलेलं भुईचित्रही. कुलकर्णी आणि बार्डन यांना श्रेय मिळतं, मिळावंच. पण त्यांनी सामान पुरवलं, चित्र शिकवलं नाही. आम्हा मास्तर लोकांना हे सर्वांत अवघड जातं.

जाळ्याचं चित्र मी घरी मायला दाखवलं. तिनं जन्मभर भिंती पोतारल्या, नागपंचमीला त्यांवर नाग काढले. चष्मा सारखा करून म्हणाली, “हे तं बायायचं काम. ह्या बाप्याले कोनं शिकवलं?”

माझ्या वाचनात आलेल्या एकाही लेखकानं हा प्रश्न इतका नेमका विचारलेला नाही. म्हसे यांचं नाव जगभर झालं. ज्या सवासिनींचे चौक बघून तो हात वळला, त्यांची नावं मला कुठं सापडली नाहीत. मायच्या नागाकडं मी चित्र म्हणून पाहू लागलो तो गंजाडमार्गे, हे तिला सांगितलं तर ती हसेल.

आता नागपंचमीच्या आठवड्यात शाळेच्या मागच्या भिंतीवर गावातल्या बाया नाग काढतात. मी गेरू, चुना आणि बादल्या पुरवतो, मध्ये तोंड घालत नाही. मागच्या खेपेला एकीनं नागाशेजारी ट्रॅक्टर काढला, आणि नागपंचमीला जमीन नांगरत नाहीत म्हणून दुसरीशी तिची चांगलीच जुंपली. बऱ्याच वादावादीनंतर ट्रॅक्टर राहिला, त्याचा नांगर तेवढा पुसला गेला.