रक्त येत नाही म्हणजे हिरड्या चांगल्या?

महाळुंग्यात रात्रपाळी करणारे पेशंट मला हमखास सांगतात, "डॉक्टर, रक्त येतं म्हणून त्या बाजूला ब्रशच लावत नाही." मग तिथला चिकट थर, म्हणजे जंतूंचा प्लाक, वाढतो आणि लाळेतल्या क्षारांमुळे त्याचं कीटण होतं. ते ब्रशने निघत नाही.

सुरुवातीची सूज मात्र नक्की उतरते. १९६५ च्या डेन्मार्कमधल्या प्रयोगात १२ निरोगी माणसांनी दात घासणं थांबवलं. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, पुन्हा घासू लागल्यावर आठवडाभरात बऱ्या झाल्या.

मला खरी काळजी मिश्री लावणाऱ्या मावशींची आणि सिगारेट ओढणाऱ्यांची. तंबाखूतल्या निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, रक्त फारसं येत नाही, आणि आत दाताभोवतीचं हाड झिजत राहतं. ही मंडळी येतात ती दात हलायला लागल्यावरच.