नावाची जमीन

शिरूरच्या एसटी स्टँडवर उभं राहिलं की गाड्यांच्या पाट्यांवर गावांची पूर्ण नावं वाचायला मिळतात. तळेगाव ढमढेरे. मांडवगण फराटा. पिंपळे जगताप. पिंपळे धुमाळ. आमच्या तालुक्यात गावांनाही आडनावं असतात. भीमा, घोड आणि वेळ या नद्यांच्या काठी वाढलेल्यांना त्यात कधी नवल वाटत नाही. मलाही लहानपणी वाटलं नाही. वय वाढत गेलं तशी ही नावं मनात रेंगाळू लागली. कुणा एका कुळानं आपलं नाव मातीला दिलं, आणि ते कुळ विखुरलं, पांगलं, शहरात गेलं, तरी मातीनं नाव टाकलं नाही. रोज सकाळी कंडक्टर ते मोठ्यानं पुकारतो.

महाराष्ट्रात एरवी उलटं घडत आलं आहे. गाव सोडणारा माणूस गावाचं नाव सोबत नेतो, त्याला ‘कर’ जोडतो, आणि पुढच्या पिढ्या ते नाव वागवतात. त्यांतल्या कित्येकांनी ते गाव पाहिलेलंही नसतं. इथे मात्र गावानं माणसाचं नाव घेतलं. कारण साधं, व्यवहाराचं. एकट्या पुणे जिल्ह्यात दोन मोठी तळेगावं. एक मावळातलं, दाभाड्यांचं, दुसरं वेळ नदीकाठचं, ढमढेऱ्यांचं. ओळखायचं कसं? मग ज्याची पाटीलकी, ज्याचा वाडा, ज्याच्या दारात घोडी, त्याचं नाव गावाला चिकटलं. पुढे वाडे ढासळले. १९६२ च्या कायद्यानं पाटीलकीचं वतनही संपलं. ज्या दराऱ्यातून नाव आलं तो दरारा गेला, आणि नाव एकटं, निर्मळ होऊन मागे राहिलं. आज ‘तळेगाव ढमढेरे’ म्हणताना कुणाला सत्ता आठवत नाही. आठवतो तो आठवडे बाजार, नदीचा पूल, शाळेचा रस्ता.

ही आडनावं विरळच. पवार, शिंदे, गायकवाड, जाधव म्हटलं तर महाराष्ट्राच्या कुठल्याही कोपऱ्यात दार उघडतं. ढमढेरे किंवा फराटे म्हटलं की ऐकणारा क्षणभर थांबतो आणि विचारतो, ‘कुठले?’ लग्नाच्या मांडवात, दवाखान्याच्या बाकावर, रेल्वेच्या डब्यात हा एकच प्रश्न. ‘मांडवगणचे का?’ उत्तर ‘हो’ आलं की दोन मिनिटांत भावकी निघते, कुणाची तरी आत्या कुणाच्या तरी मामाला दिलेली निघते. मोठ्या आडनावांना हे भाग्य नाही. त्यांना पुढे गाव, देवक, कुळी सांगावी लागते. विरळ आडनावाच्या पोटात पत्ता असतो.

आडनाव गावातून येतं की गाव आडनावातून, याचा विचार करता करता मी एका इंग्रजी आडनावाशी येऊन थबकले. ते आडनाव दोनशे वर्षांपूर्वी आमच्या शिरूरमध्ये राहत होतं. स्वॉन्स्टन.

घोडनदीच्या काठचं शिरूर तेव्हा इंग्रजांची छावणी होती. १८१७ च्या पुणे तहातल्या अटींनुसार ‘पूना ऑक्झिलरी हॉर्स’ हे घोडदळ उभं राहिलं आणि पुढे अनेक वर्षं शिरूर हे त्याचं ठाणं राहिलं. त्या घोडदळातला एक अधिकारी म्हणजे चार्ल्स स्वॉन्स्टन. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन फ्रान्सिस स्टाँटनची फौज शिरूरहून पुण्याकडे निघाली. त्यात सुमारे पाचशे पायदळ होतं, दोन तोफा होत्या, आणि स्वॉन्स्टनच्या हाताखालचे अडीचशेच्या आसपास स्वार होते. सकाळी भीमेच्या काठी, कोरेगावात, पेशव्यांच्या कितीतरी मोठ्या सैन्याशी त्यांची गाठ पडली. १ जानेवारी १८१८ चा तो दिवस अवघा महाराष्ट्र जाणतो. स्वॉन्स्टन त्या लढाईत जखमी झाला, पण वाचला.

त्या फौजेतल्या इंग्रज अधिकाऱ्यांची आडनावं मी एकेक करून उलगडत गेले, आणि मला आपलीच माणसं भेटल्यासारखं झालं. स्टाँटन म्हणजे दगडाची वस्ती. इंग्लंडात या नावाची अनेक गावं आहेत. तोफखान्याचा लेफ्टनंट चिझम त्या दिवशी पडला. त्याचं आडनाव स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेजवळच्या एका जहागिरीचं. जिथल्या चाऱ्यावर दुभती जनावरं पोसून चीज होई, त्या नदीकाठच्या कुरणाचं. आणि स्वॉन्स्टन हे एडिंबरा शहराच्या दक्षिणेला, पेंटलंड टेकड्यांच्या पायथ्याशी असलेलं एक लहानसं खेडं. सातासमुद्रापलीकडून आलेले हे लोक म्हणजे तिकडचे ‘कर’च होते. ज्या खेड्यांतून त्यांचे पूर्वज कधीकाळी उठून निघाले, ती खेडी त्यांनी नावात बांधून शिरूरपर्यंत आणली होती.

स्वॉन्स्टनची गोष्ट याहून एक पाऊल मागे जाते. त्या खेड्याचं नावही मुळात माणसाचं. स्वेन नावाचा कुणी नॉर्स वंशाचा माणूस तिथे वस्ती करून राहिला. त्याचं शेत, त्याचं घर, म्हणून ते स्वेनचं गाव. म्हणजे आधी माणसानं गावाला नाव दिलं, जसं आमच्या तळेगावाला ढमढेऱ्यांनी दिलं. मग गावानं ते नाव दुसऱ्याच माणसांना परत केलं, जसं आपल्याकडे ‘कर’ करतात. स्वेनपासूनच निघालेलं स्वान्सन हे आडनाव जगभर ऐकू येतं. स्वॉन्स्टन मात्र थोड्याच घरांत राहिलं. जन्म एका खेड्यात झालेला. ते खेडं जेवढी माणसं बाहेर पाठवू शकलं, तेवढाच त्याचा पसारा.

कोरेगावच्या जखमा घेऊन जगलेला हा चार्ल्स स्वॉन्स्टन पुढे टास्मानियात स्थायिक झाला. हॉबार्टच्या डरवेंट बँकेचा कारभार त्याच्या हाती आला. १८३५ मध्ये तिथल्या काही धनिकांनी समुद्रापलीकडे पोर्ट फिलिपच्या किनाऱ्यावर वसाहत करायचा घाट घातला, त्यात तोही होता. १८३७ साली तिथे मेलबर्नचे रस्ते आखले गेले, तेव्हा मधल्या एका मोठ्या रस्त्याला त्याचं नाव पडलं. त्याची स्वतःची अखेर चांगली झाली नाही. १८४९ मध्ये बँक बुडाली आणि पुढच्या वर्षी समुद्रप्रवासातच तो वारला. त्याला थडग्यापुरतीही जमीन लाभली नाही. पण स्वॉन्स्टन स्ट्रीट आहे. फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनपासून टाऊन हॉलवरून, मोठ्या ग्रंथालयावरून ट्राम जाते. मेलबर्नमध्ये आज पुष्कळ मराठी कुटुंबं आहेत. त्यांच्यातली एखादी शिरूरची लेक ‘स्वॉन्स्टनवर भेटू’ असं मैत्रिणीला सहज सांगत असेल. ज्याचं नाव ती घेते तो माणूस तिच्याच गावातून, त्या थंडीच्या रात्री घोड्यावर बसून निघाला होता, हे तिला ठाऊक असावं असं मला फार वाटतं. अभिमान बाळगण्यासाठी नव्हे. नावं किती लांबचा प्रवास करतात आणि शेवटी कशाच्या आधारानं उभी राहतात, हे कळावं म्हणून.

मेलबर्नच्या त्या जमिनीला त्याआधी नाव नव्हतं असं नाही. तिथले मूळ वुरुंजेरी लोक तिला आपल्या भाषेत हाका मारत होते. नकाशावर नवं नाव चढलं की जुनं नाव खाली दबतं. गावाला नाव देणं ही एक ताकद आहे, मग ती वतनाची असो की बँकेची. ज्यांच्याकडे ना वतन होतं ना बँक, त्यांच्या नावांचं काय होतं?

याचं उत्तर पुन्हा कोरेगावलाच, भीमेच्या काठी आहे. १८२१ मध्ये तिथल्या जयस्तंभाची पायाभरणी झाली. त्यावर इंग्रजांच्या बाजूनं पडलेल्या आणि जखमी झालेल्या ४९ जणांची नावं आहेत. त्यांतली २२ नावं ‘नाक’ने संपतात. ही महार शिपायांची नावं. तेव्हा ती त्यांची रोजची नावं होती; आईनं अंगणातून हाक मारावी अशी. आज ‘नाक’ लावून कुणी नाव सांगत नाही. शाळेच्या दाखल्यावर, सातबाऱ्यावर, मतदारयादीत ती नावं नाहीत. कुठल्या गावाला ‘नाक’ चिकटलेलं नाही, कारण ज्यांच्या नावात ते होतं त्यांना गावाला नाव देण्याचा अधिकार कुणी दिला नव्हता. त्यांची वस्तीसुद्धा वेशीबाहेर. तरीही दगडानं ती नावं धरून ठेवली. दरवर्षी १ जानेवारीला लाखो माणसं त्या दगडासमोर येतात. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे आले. त्यांचं घराणं सकपाळांचं, मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. खेड्याच्या नावावरून आलेल्या एका विरळ आडनावाचा माणूस, आडनावच नसलेल्या आपल्या पूर्वजांसमोर उभा राहिला. त्यानंतर त्या आडनावाचा अर्थच बदलला. ते किती घरांत आहे हा प्रश्न उरला नाही. कोट्यवधी माणसं ते आपलं मानतात.

शिरूरमध्ये याहून वेगळं एक उदाहरण आहे. कर्नल वॉलेस हा इंग्रज अधिकारी १८०९ साली इथे वारला. त्याचं थडगं इथल्या जुन्या दफनभूमीत आहे. सुगीच्या दिवसांत आसपासचे शेतकरी तिथे नव्या धान्याचा नैवेद्य आणत, अशी नोंद एकोणिसाव्या शतकातल्या गॅझेटिअरमध्ये आहे. लोक त्याला सत्पुरुष म्हणत. वॉलेस हे आडनाव तिकडे मुळीच विरळ नाही, पण आमच्या शेतकऱ्यांनी ते ठेवलंच नाही. त्यांना ज्या नात्यानं तो माणूस जवळचा वाटला, त्या नात्याचं नाव त्यांनी दिलं. माझ्या मते कुठल्याही आडनावापेक्षा हा मान मोठा.

आडनावाच्या विरळपणाची आणखी एक तऱ्हा शिरूरच्या शेजारीच दिसते. भीमा ओलांडली की दौंड. मुळा-मुठेचं पाणी रांजणगाव सांडसजवळ भीमेत येतं, खाली घोडही तिला मिळते, आणि भरलेली नदी दौंडच्या अंगानं पुढे उजनीकडे जाते. दौंड रेल्वेनं वाढवलं. १८७८ मध्ये मनमाडचा फाटा सुरू झाला आणि हे जंक्शन झालं.

रेल्वेबरोबर दौंडला अँग्लो-इंडियन कुटुंबं आली. ड्रायव्हर, गार्ड, फोरमन. क्वार्टर्सच्या दारांवर इंग्रजी आडनावं झळकली. आत नाताळचा केक भाजला जाई आणि बाहेर बाजारात मराठीत भाव केला जाई. १९४७ नंतर देशभरातून अशी कितीतरी कुटुंबं इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियाकडे गेली. मेलबर्नलाही पुष्कळ गेली. जी राहिली त्यांची घरं बोटांवर मोजण्याइतकी होत गेली. जे आडनाव इंग्लंडच्या एखाद्या परगण्यात दर चौथ्या दारावर भेटेल, तेच दौंडच्या गल्लीत एकटं असतं. विरळ असणं हे आडनावाच्या अंगी नसतंच. ते कुठे उभं आहे, यावर सगळं ठरतं.

हे कळायला खरं तर दौंडला जायची गरज नव्हती. आपल्या घरातल्या प्रत्येक बाईला ते माहीत आहे. लग्न झालं की तिचं आडनाव कागदावरून जातं. ज्या वाडीत सगळेच फराटे, तिथून ती अशा गावी येते की त्या नावाची ती एकटी, आणि तेही मनातल्या मनात. पण आमच्याकडच्या बायकांनी यावर तोड काढली होती. सासरी त्या एकमेकींना माहेरच्या गावावरून हाक मारत. केडगावची, पारगावची, न्हावऱ्याची. आणि पहाटे जात्यावर बसल्या की ओवीत माहेर, बाप, भाऊ, गावची वेस, सगळ्यांची नावं घेत. गी पॉइटवँ आणि हेमा राइरकर यांनी आपल्या साथींसह अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांतल्या कितीतरी पुणे जिल्ह्यातल्या आहेत. बायकांकडे दगडी स्तंभ नव्हता, रस्ता नव्हता, गावाची पाटी नव्हती. त्यांनी आपली नावं गळ्यात ठेवली आणि पीठ पडत असताना लेकीसुनांच्या कानांवर घातली.

आडनाव किती लोक लावतात, याची मोजदाद करणं सोपं आहे. मतदारयाद्या आहेत. पण त्या आकड्यांनी मला आडनावाचं आयुष्य कधी कळलं नाही. स्वॉन्स्टन थोड्या माणसांत आणि एका गजबजलेल्या रस्त्यात जगतं. ढमढेरे एका भावकीत आणि एका गावाच्या नावात जगतं. ती सुरक्षित आहेत, कारण त्यांना जमीन मिळाली. ज्यांना ती मिळाली नाही ती नावं कुणीतरी मुद्दाम, कष्टानं सांभाळली म्हणून राहिली: कुणी दगडावर कोरली, कुणी जात्यावर गायली. ते कष्ट आता आपल्या वाट्याला आले आहेत. आपल्या वस्तीत एकटं पडलेलं आडनाव, आजीच्या माहेरचं गाव, वेशीबाहेरच्या घरातलं कागदावर कधीच न आलेलं नाव, हे विचारून घ्यायला हवं, लिहून ठेवायला हवं, मुलांना सांगायला हवं. ‘कुठले?’ हा आपला जुना प्रश्न फार चांगला आहे. तो सगळ्यांना विचारावा, आणि पूर्ण उत्तर येईपर्यंत थांबावं.